करवंटीचे करंडे

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माल चांगला असला की विकणं हे काही कामच नाही! माल मांडायचा, खुर्चीत बसायचं आणि लोकांना 'घाई करू नका, सगळ्यांना मिळेल' म्हणायचं. एवढंच! असं माझं ठाम मत होतं. जानेवारीतल्या त्या रविवारी दुपारी दोन वाजेपर्यंत होतं.

मी जयराम. सातपूरच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. दोन हजार दोन साली कंपनीनं व्हीआरएस काढली आणि मी एक्कावन्नाव्या वर्षी घरी येऊन बसलो. पहिल्या आठवड्यात मालिनीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, रोज भजी तळली. दुसऱ्या आठवड्यात दळण आणायला पाठवलं. तिसऱ्या आठवड्यापासून केर काढताना "पाय वर घ्या" म्हणायला लागली. मी म्हणजे जणू हॉलमधलं टेबल!

त्यात मालिनीचा धाकटा भाऊ महेश. त्याचं निफाडला द्राक्षांच्या औषधांचं दुकान आहे. दुकान चांगलं चालतं, माणूसही वाईट नाही, पण त्याला कुणी रिकामं बसलेलं बघवत नाही. दर रविवारी येऊन तो एकच रेकॉर्ड लावायचा. "दाजी, घरी बसून काय करता? माझ्या दुकानात या. गल्ल्यावर बसा. वर पंखा आहे, दोन वेळा चहा आहे."

मला त्या दुकानात जायचं नव्हतं. अगदी मनापासून नव्हतं. सत्तावीस वर्षं दुसऱ्याचा माल मोजला होता. आता एक तरी गोष्ट आपल्या हातानं करावी असं वाटत होतं. आणि ती गोष्ट मला शरणपूर रोडच्या एका उडपी हॉटेलामागे सापडली. नारळाच्या करवंट्यांचा हा एवढा ढीग! मॅनेजर म्हणाला, "सगळा घेऊन जा." मी घेऊन आलो.

करवंटी घासली की आतून काय रंग निघतो हे तुम्हाला माहीत नाही. मलाही नव्हतं. खडबडीत पॉलिश पेपर, मग मऊ, मग त्याहून मऊ, शेवटी खोबरेल तेलाचा हात. झकास शिसवीसारखी चमकते! एका नारळाच्या दोन वाट्या. एकीला खाली बूड लावायचं, दुसरी वर झाकण. झाला हळदीकुंकवाचा करंडा! गंमत अशी की ज्या नारळाची वाटी त्याच नारळाचं झाकण तिच्यावर बसतं, दुसरं काही केल्या बसत नाही. म्हणून मी प्रत्येक जोडीला आतून पेन्सिलीनं नंबर घातला होता. सहा महिन्यांत एकशेवीस करंडे झाले. वरणात भुसा पडायचा, मालिनी शिंकायची, कॉलनीतली मुलं मला करवंटीकाका म्हणायची. पण खरं सांगतो, इतक्या सुखात मी कधीच नव्हतो.

महेशला मात्र ते काही पटेना. शेवटी पैज लागली. गंगापूर रोडच्या मैदानावर नवख्या कारागिरांसाठी एक दिवसाचा हस्तकला मेळा भरणार होता. महेश म्हणाला, "दाजी, त्या मेळ्यात सगळा माल संपवून दाखवा. संपला तर 'गल्ल्यावर बसा' हे शब्द पुन्हा माझ्या तोंडून निघणार नाहीत. उरला तर सोमवारी सकाळच्या गाडीनं निफाड!"

"पैज मंजूर!" मी म्हणालो. "संध्याकाळी पाचला ये. रिकामं टेबल दाखवतो."

संक्रांत नुकतीच झाली होती. रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकवं. करंडे विकायला याहून चांगला मुहूर्त कुठला? त्यात माझ्या डोक्यातून एक नामी युक्ती निघाली. पुढचे पाच-सहा करंडे रिकामे न ठेवता त्यांत खरंखुरं हळदकुंकू भरून ते तबकात मांडायचे! शेजारी तिळगुळाचा डबा! खाली सतरंजी! गिऱ्हाइकाला नुसत्या बघण्यानं कळलं पाहिजे की ही वस्तू कशासाठी आहे.

मालिनी म्हणाली, "अहो, रिकामेच ठेवा. भरल्यावर ते काहीतरी वेगळंच दिसतंय."

"तुला विक्रीतलं काय कळतं?" मी म्हणालो. हे वाक्य मी बोललो नसतो तर आज वेगळा माणूस असतो.

आता अक्काआत्या. अक्काबाई म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, राहणार सिन्नरजवळ वडांगळी. वय सत्त्याहत्तर, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि गावी तिचे यजमान तात्या अजून ठणठणीत. दातांची कवळी करून घ्यायला ती चार दिवस आमच्याकडे आली होती. तिला एकटीला घरी कसं ठेवायचं? म्हणून बरोबर घेतलं. मैदानात पोचल्या पोचल्या ती आमच्या स्टॉलमागच्या कडुनिंबाखाली आडवी झाली आणि घोरायला लागली.

सकाळ कशी गेली ते काय सांगू! लोक येत होते, थांबत होते, हातात घेत होते. आणि बोलत होते!

"करवंटी होय? आम्ही बंबात घालतो."

"यात मीठ राहील का हो?"

"पस्तीस रुपये? अहो, पस्तीसमध्ये आख्खे पाच नारळ येतात, खोबऱ्यासकट!"

एक बाई चार वेळा आल्या. प्रत्येक वेळी मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. चौथ्या वेळी त्यांनी विचारलं, "बाथरूम कुठाय?"

शेजारी सुरगाण्याकडची मैना नावाची बाई नागलीचे पापड आणि बांबूच्या टोपल्या घेऊन बसली होती. तिनं ना सतरंजी अंथरली होती, ना काही युक्ती केली होती. तिच्या टोपल्या अकरा वाजेपर्यंत निम्म्या गेल्या! ती मधूनच माझ्याकडे बघायची आणि घाईनं मान वळवायची. तिची ती दया मला गिऱ्हाइकांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागली. एक वाजला. माझे एकशेवीसच्या एकशेवीस करंडे जागच्या जागी! मला डोळ्यांपुढे निफाड दिसायला लागलं.

तेवढ्यात मेळ्याच्या संयोजिका छायाताई माईक घेऊन ओरडल्या, "सर्व स्टॉलधारकांनी मांडवात यावं! विक्रीकलेवर मार्गदर्शन आहे! हजेरी सक्तीची!"

मैनेच्या पापडांवर तिची बहीण होती, ती राहिली. आमच्याकडे कोण? मी अक्काआत्याला उठवून खुर्चीत बसवलं. "आत्या, आम्ही आलोच. कुणी आलं तर बसवून ठेव."

"जा तुम्ही," आत्या डोळे चोळत म्हणाली. "म्या हाय ना!"

मांडवात एक टायवाले गृहस्थ पाऊण तास बोलले. "स्टॉलवर असं वातावरण निर्माण करा, की माणूस आपोआप ओढला गेला पाहिजे!" मी वहीत लिहून घेतलं. "गर्दी गर्दीला खेचते!" तेही लिहून घेतलं. मालिनी पदरानं वारा घेत कुजबुजली, "अहो, आत्या एकट्या आहेत." मी म्हणालो, "असू दे. तिकडे कोण काळं कुत्रं येतंय?"

दोन वाजता बाहेर आलो आणि जागीच थबकलो. मैदानात रांग होती! बायकांची! साड्या, गजरे, कडेवर पोरं! रांगेचं एक टोक फाटकाशी, आणि दुसरं? मी टाचा उंच करून बघितलं. दुसरं टोक आमच्या स्टॉलपाशी!

"मालिनी!" मी ओरडलो. "बघ! बघ!"

मालिनीनं चक्क भर मैदानात माझा हात धरला. माझे डोळे भरून आले. महेशला काय काय ऐकवायचं याची मी मनातल्या मनात जुळवाजुळव करायला लागलो. रांगेच्या कडेनं मी नवरदेवासारखा चालत निघालो. बायकांना म्हणतही होतो, "घाई करू नका, सगळ्यांना मिळेल!"

मी स्टॉलजवळ पोचलो. अक्काआत्या खुर्चीत ताठ बसली होती. पुढच्या बाईच्या कपाळाला तिनं हळद लावली, कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. "तिळगूळ घ्या, गोड बोला." मग टेबलावरचा एक करंडा उचलून तिच्या ओटीत घातला. बाई वाकून आत्याच्या पाया पडली आणि चालती झाली. पुढची पुढे सरकली.

"आत्या!" माझा आवाज फाटला. "हे काय करतेस?"

"आरं, कुठं गेला व्हता? बाया खोळंबल्या ना! लय थाटाचं हळदीकुकू मांडलंय मालिनीनं. पर यजमानीणच जाग्यावर नाय! मंग म्या सुरू केलं."

तुम्हीच सांगा, तिची काय चूक? खाली सतरंजी. तबकात हळदकुंकू. तिळगुळाचा डबा. आणि एकसारख्या एकशेवीस वस्तू ओळीनं मांडलेल्या. संक्रांतीच्या दिवसांत असं दृश्य बघून कुठलीही सवाष्ण काय समजेल? वाण! हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना द्यायची भेट! हे दुकान आहे असा संशय यायला तिनं सकाळपासून एक तरी विक्री बघायला हवी होती. तीच तर झाली नव्हती! "कुणी आलं तर बसवून ठेव" म्हणून मी सांगितलं, तेव्हा एक बाई आली, आत्यानं तिला सतरंजीवर बसवून कुंकू लावलं. तिनं जाऊन चौघींना सांगितलं. आणि संक्रांतीच्या वाणाची बातमी मैदानभर पसरायला काय माईक लागतो?

"आत्या, हे विकायचं आहे!" मी कानाशी लागून म्हणालो.

"वाण इकायचं?" आत्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी देवळातली घंटाच चोरली होती. "तुज्या बापानं असं शिकिवलं व्हय तुला?"

मी रांगेकडे वळलो. हात जोडले. "भगिनींनो, गैरसमज होतोय. हा विक्रीचा माल आहे. पस्तीस रुपये!"

"मग हळदकुंकू कशाला लावताय?" मागून आवाज आला.

"अर्धा तास उन्हात उभ्या आहोत आम्ही!"

एका बाईनं करंडा उलटा केला आणि मोठ्या समजूतदारपणे मला म्हणाली, "भाऊ, वाण देताना किमतीची चिठ्ठी काढून टाकायची असते हो. राहून गेली वाटतं." आणि तिनं ती नखानं खरवडून काढली. मी तीन संध्याकाळी बसून चिकटवलेल्या चिठ्ठ्या!

एका भल्या बाईनं मात्र पर्स उघडली. "नाही नाही, कष्टाची वस्तू आहे. पैसे घ्या." मी हात पुढे केला. आत्यानं माझ्या हातावर फाडकन चापट मारली! "सवाष्णीला कुकू लावलं आन् तिच्याकडून पैसं घ्यायचं? घराला बरकत ऱ्हाईल का?" ती बाई घाबरून पर्स मिटून गेली. आत्याच्या पाया पडूनच गेली.

आता मालिनीच काय ते करील, असं मला वाटलं. मालिनी पदर खोचून पुढे झाली. तोंड उघडणार, तेवढ्यात रांगेतून आमच्या कॉलनीतल्या तिघी बाहेर आल्या. अपूर्वाची आई सगळ्यांत पुढे.

"मालिनीताई! एवढं मोठं हळदीकुंकू आणि आम्हाला बोलावणं नाही? आम्हाला बाहेरून कळावं?"

मालिनीनं तोंड उघडलं. मग त्यातून काय निघालं ठाऊक आहे? "अहो, येणारच होते बोलवायला! या ना, बसा!" आणि तिनं तबक हातात घेतलं! माझ्या बायकोनं! त्या तिघींना तिनं निवडून चांगल्यातले दिले. माझ्याकडे एकदा बघितलं. त्या नजरेत 'माझा नाइलाज आहे' असं होतं, पण हात थांबत नव्हता.

मी टेबलाकडे बघितलं. करंडे होते, पण उघडेबोडके! झाकणंच नव्हती!

"आत्या, झाकणं कुठायत?"

"रांग बघितली का केवढी? पुरणार कसं?" आत्या कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली. "मंग म्या झाकणं येगळी केली. एकीला वाटी, एकीला झाकण. दुप्पट झालं का नाय?"

मी मटकन खाली बसलो. सतरंजीवर. एकशेवीस जोड्या, आतून नंबर घातलेल्या! सत्तर नंबरचं झाकण पंचवटीत आणि सत्तर नंबरची वाटी देवळालीला! जगात कुठलंही दुसरं झाकण त्या वाटीवर बसणार नव्हतं. कुणी मला नुसतं लुबाडलं असतं तरी इतकं वाईट वाटलं नसतं.

दरम्यान इतर स्टॉलवाल्यांनी तक्रार केली. फुकट वाटप करून हा माणूस आमची गिऱ्हाइकं पळवतोय! छायाताई तणतणत आल्या. "हे चालणार नाही! मेळ्याच्या नियमात..." आत्यानं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात एक झाकण ठेवलं. छायाताई पुढचं बोलायचं विसरून नमस्काराला वाकल्या. त्यांच्यामागून ते टायवाले गृहस्थ आले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली.

"वा! आधी वस्तू घरात पोचवायची, मग मागणी आपोआप! किती माल राखून ठेवलाय पुढच्यासाठी?"

मी त्यांना टेबलाखालचं रिकामं खोकं दाखवलं.

साडेचारला सगळं आटोपलं. टेबल रिकामं, तिळगुळाचा डबा रिकामा, सतरंजीवर कुंकू सांडलेलं. मैनेनं मला कागदात गुंडाळून चार नागलीचे पापड आणून दिले. वाण घेतलं म्हणून परतफेड! मालिनीनं अक्काआत्याला बाजूला नेऊन हळूहळू सगळं समजावून सांगितलं.  आत्या कडुनिंबाला टेकून बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. तिला तसं बघून मला रागावताही येईना. सहा महिने एका दुपारी गेले, आणि ज्यांनी नेले त्यांच्यावर ओरडायचीही सोय नव्हती. सगळ्याजणी पाया पडून गेल्या होत्या!

मी टेबलाची घडी घालायला घेतली. तेवढ्यात एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली. कलाबाई तिचं नाव, मखमलाबादहून फुलं घेऊन रोज शहरात यायची. कपाळ मोकळं होतं. डोक्यावरची फुलांची पाटी तिनं खाली ठेवली.

"भाऊ, मघा बायांच्या हातात बघितली ती वस्तू. हातानं केली का तुम्ही?"

"हो."

"लय दिवस लागले असतील."

दिवसभरात हे कुणी म्हणालं नव्हतं.  मी नुसती मान हलवली.

"रांगेत नाय आले मी. मला काय वाण? पर सुनेला घ्यायचाय एक." तिनं कमरेची पिशवी काढली, दोरी सोडली. "कितीला दिला?"

दिवसभरातलं पहिलं खरं गिऱ्हाईक! पिशवी उघडून उभं असलेलं! आणि माझ्यापाशी एक साधं झाकणसुद्धा नाही! मी टेबलाखाली बघितलं. खोक्यात बघितलं. सतरंजी झटकली. काही नाही.

"संपले हो, आजी," मी म्हणालो. मला रडायलाच येत होतं. "सगळे संपले."

"संपले?" मागून आवाज आला. महेश! बरोबर पाचला, निफाडहून. त्यानं रिकामं टेबल बघितलं. रिकामं खोकं बघितलं. पिशवी घेऊन हिरमुसून परत जाणारं गिऱ्हाईक बघितलं. "दाजी! सगळे?"

खरं सांगणार होतो, देवाशपथ! पण शब्द फुटायच्या आत त्यानं आत्याला विचारलं, "अक्का, खरंच?"

आत्यानं मान वर केली नाही. "येक बी नाय उरला," ती म्हणाली.

यात खोटं काय होतं?

"रांग लागली होती," मालिनी जमिनीकडे बघत म्हणाली. "फाटकापर्यंत."

यातही काही खोटं नव्हतं.

"बायकांना आवरता आवरेना," मी म्हणालो. तिघांनी मिळून आम्ही एकही खोटं वाक्य बोललो नाही!

महेशनं मला मिठी मारली. "मानलं, दाजी! माझंच चुकलं. तुम्हाला गल्ल्यावर बसवायला निघालो होतो! शब्द देतो, आता जन्मात तुम्हाला गल्ल्यावर बसा म्हणणार नाही."

मी जिंकलो होतो! कसा का असेना, जिंकलो होतो! मी घरी बसून पुन्हा करवंट्या घासणार होतो. सहा महिन्यांत आणखी एकशेवीस. त्यातला पहिला मी मखमलाबादला नेऊन देणार होतो. मी मोठ्या मनानं म्हणालो, "अरे, होतं असं. माणूस ओळखायला वेळ लागतो."

"तेच तर!" महेश म्हणाला. "एका दिवसात करवंट्या संपवणारा माणूस मी पंख्याखाली बसवून वाया घालवू? तुम्ही फिरतीचा माणूस, दाजी! उद्यापासून मोपेड देतो. निफाड ते पिंपळगाव, सगळ्या बागा तुमच्या. मळ्यामळ्यांत जाऊन औषधं खपवायची. नाही म्हणू नका. नाही म्हणालात तर मला वाटेल, आजचं काहीतरी खोटं होतं!"

मी मालिनीकडे बघितलं. मालिनीनं आत्याकडे बघितलं. आत्यानं डोळे मिटून घेतले.

आता एप्रिलची छाटणी चालू आहे. डोक्यावर टॉवेल गुंडाळून मी मोपेडवरून मळ्यामळ्यांत हिंडतो, कुत्री मागे लागतात, आणि बागाईतदार दारातूनच "उद्या या" म्हणतात. खरं बोललो असतो तर निदान पंख्याखाली तरी बसलो असतो हो!